वालाचे सातशे प्रवासी

ईशान, मीरा,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशान त्याच्या शाळेतल्या प्रकल्पाविषयी सांगत होता. टायटॅनिक बुडाली त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली, तरी शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी कॅमेरे सोडतात, तिचे इंच न् इंच फोटो काढतात आणि ती नेमकी कशी बुडाली हे नव्याने तपासतात. शेवटी त्याने विचारले, "आजी, तुमच्या बोईसरमध्ये कुणाला असल्या गोष्टींत इंटरेस्ट असतो का?" मी हसत सुटले. तुमच्या आईला वाटले, मला प्रश्न नीट ऐकू आला नाही. प्रश्न व्यवस्थित ऐकू आला होता. उत्तर फोनवर मावणारे नव्हते, म्हणून लिहिते आहे. आणि आत्ताच लिहायला हवे, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे ते हरेश्वरभाऊ पुढच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून शिरगावला कायमचे राहायला जात आहेत. ते खाली आहेत तोवर काही अडले तर जिना उतरून विचारता येते.

हरेश्वरभाऊ चहाचा कप बशीवरून चार इंच उचलतात आणि थांबतात. कपाकडे एका डोळ्याने बघतात. कप डावीकडे झुकत नाही, उजवीकडे झुकत नाही, अशी खात्री झाली की मगच तो तोंडाला लावतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, चहात माशी पडली. मी कप बदलून दिला. त्यांनी दुसराही चार इंच उचलला आणि थांबले.

ही सवय कामावरची. तारापूरच्या कारखान्यांमध्ये त्यांनी पस्तीस वर्षे जड यंत्रे क्रेनने उचलण्याचे काम केले. शेवटी ते त्या टोळीचे मुकादम होते. दहा टनांची टाकी असो की साधी मोटर, साखळ्या बांधून झाल्या की ती आधी फक्त चार इंच उचलायची आणि थांबायचे. कुठल्या बाजूला कलते का ते बघायचे, साखळी करकरते का ते ऐकायचे, मग वर न्यायचे. त्यांच्या हाताखालची बिहारची मुले त्यांना 'चार इंच दादा' म्हणत. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही वस्तू पडली नाही. निवृत्त झाल्यावर उचलायला यंत्रे उरली नाहीत, तेव्हा ते आमच्याकडे वळले.

आमच्या सोसायटीच्या गणपतीचे विसर्जन तुम्ही एकदा पाहिलेत, पण तेव्हा मीरा दोन वर्षांची होती. मूर्ती उचलायला सहा जण लागतात. "चार इंच," हरेश्वरभाऊ ओरडतात, "आन् थांबा!" सहाही जण मूर्ती चार इंचांवर धरून उभे. हरेश्वरभाऊ सावकाश प्रदक्षिणा घालतात. उचलणाऱ्यांचे चेहरे आधी लाल होतात, मग जांभळे. एका वर्षी तुमच्या आजोबांनी दात आवळून विचारले, "भाऊ, बाप्पा जाणार की आम्ही?" हरेश्वरभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमी उंच हाय. जरा गुडघ्यात वाका. बाप्पा तुमच्यामुळं कलतात."

बेटेगावला एका लग्नात तर त्यांनी फोटोच अडवला. नवरानवरीमागे स्टेजवर वराकडची माणसे दाटीवाटीने उभी राहिली. फोटोग्राफर "स्माईल" म्हणतो न म्हणतो तोच मागून आवाज आला, "थांबा! डाव्या अंगाला अकरा, उजव्या अंगाला चार. त्यातल्या तिघी भारी." त्या तिघींनी मागे वळून जे बघितले ते मी इथे लिहीत नाही. हरेश्वरभाऊंच्या पत्नी सुमनताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पदर तोंडावर ओढून घेत म्हणाल्या, "बाई, तुमच्या पाया पडते, हे माजे कोन नाय असं सांगा." बाई म्हणजे मी. त्यांची मुलगी शाळेत मी शिकवत होते त्या पहिलीच्या वर्गात होती, तेव्हापासून दोघेही मला बाई म्हणतात.

आता बोटीकडे येते.

तुम्हाला टायटॅनिक माहीत आहे. आमच्या पिढीतल्या मराठी माणसासमोर 'रामदास' एवढेच म्हटले तरी पुरते. स्वातंत्र्य मिळाले त्याच्या महिनाभर आधी, आषाढातल्या अमावास्येच्या सकाळी, ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला निघाली. बोटीवर सातशेच्या वर माणसे होती. वारा उठला, पाऊस आला, लाटा आल्या, आणि रेवस दिसायच्या आत बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. माझ्या लहानपणी याविषयी मोठी माणसे बोलत तेव्हा एक वाक्य ठरलेले असे: घाबरून सगळे एका बाजूला धावले, म्हणून बोट उलटली.

हरेश्वरभाऊंना हे वाक्य पुसायचे होते.

तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी ते एक जाड फाइल घेऊन वर आले. बोटी कशा तरतात आणि कशा उलटतात यावरचे लेख त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणले होते. सगळे इंग्रजीत. "बाई, हे मला मराठीत सांगा." मी बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच ते सहा, अशी वेळ ठरवून दिली. एक तक्ताही केला. त्यांचे शिक्षण दहावीपर्यंत, आणि माझे पदार्थविज्ञान जेवढे आहे तेवढेच. पण असे शिष्य मला शाळेत मिळाले नाहीत. बोट कलल्यावर तिला परत सरळ करणाऱ्या जोराविषयी एक अवघड परिच्छेद होता. मी अर्धा तास मराठी शब्द जुळवत बसले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे बोटीचा स्वभाव. काई बोटी कलल्या की लगेच परततात. काई बोटी कलल्या की इचार करत बसतात. इचार करणारी बोट वाईट." मी परिच्छेद पुन्हा वाचला. अगदी तेच लिहिले होते.

डेकवर चढलेल्या पाण्याविषयी मी वाचून दाखवले, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "हा सगळ्यात वाईट प्रवासी, बाई! तिकीट नाय, वजन भारी, आन् जिकडं कल तिकडं सगळ्यांच्या आदी धावतो."

"भाऊ, टायटॅनिकवरही भरपूर लेख आहेत. तेही बघू या का?" मी एकदा विचारले.

"ती बर्फाला आपटली. तिची चवकशी करायला जगभर मानसं हायत," ते म्हणाले. "आमच्यावाली कोन बघतंय?"

मग मॉडेल आले. पत्रा कापून केलेली अडीच फूट लांबीची बोट. आमच्या गच्चीवर एक निळे प्लास्टिकचे पिंप आडवे कापून विटांवर ठेवला आणि त्यात पाणी भरले. प्रवासी म्हणून आधी वाटाणे आणले होते. पण बोट जरा हलली की सगळे वाटाणे घरंगळत एका बाजूला जात. "वाटाने लई घाबरतात," असा शेरा वहीत लिहून त्यांनी वाल आणले. वाल चपटे, जागच्या जागी बसतात. एक वाल म्हणजे एक माणूस. मोजून सातशे.

बोट उलटली की वाल पाण्यात जात. चाळणीने काढायचे, मोजायचे, पुन्हा रचायचे. दुपारपर्यंत प्रवासी भिजून फुगत. एका शनिवारी सुमनताईंनी ते गुपचूप खाली नेले, मोड आणले, सोलले आणि छान नारळ घालून बिरडे केले. एक वाटी मलाही आली. खाली मात्र हरेश्वरभाऊंनी ताट सरकवले. "सुमन, ही मानसं हायत!" सुमनताई वर येऊन मला म्हणाल्या, "बाई, आता तुमीच सांगा, मानसं इतकी चवदार असतात काय?"

मी हसले. पण हरेश्वरभाऊंनी ताट सरकवले हे माझ्या मनात राहिले. आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक प्रयोगात ते एका वालाला निराळे ठेवत. त्याला सुमनताईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. "बाई, सातशे मानसांत तीस किलो किती?" हा प्रश्न त्यांनी मला किमान दहा वेळा विचारला. मी कागदावर लिहूनही दिले. तरी विचारायचे. शेवटी मी सुमनताईंना विचारले, हे तीस किलोचे माणूस कोण?

"आत्या," त्या म्हणाल्या.

जानकीआत्या ही हरेश्वरभाऊंच्या वडिलांची बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने शिरगावला सुके बोंबील विकून यांना वाढवले. आता तिची नव्वदी आली आहे, कान आणि जीभ शाबूत. अकरा वर्षांची असताना ती आपल्या मावशीबरोबर मुंबईहून रेवसला निघाली होती. रामदासने. मासेमारीच्या एका मचव्याने तिला पाण्यातून उचलले. मावशी सापडली नाही.

तिने ही गोष्ट आयुष्यात एकालाच सांगितली. हरेश्वरभाऊ आठ वर्षांचे असताना चालत्या होडीत उभे राहून नाचत होते. आत्याने त्यांना आडवी थप्पड मारली आणि मग सांगितले. कोळ्याच्या पोराला चालायच्या आधी एक गोष्ट शिकवतात: होडी कलली की जागचे हलायचे नाही. होडी चालवणारा तांडेल सांगेल त्यानेच हलायचे. त्या सकाळी बोट कलली तेव्हा आत्या जागची उठली आणि वरच्या बाजूला धावली. मागे वळून पाहिले तर सगळे धावत होते. "शेरातल्या लोकांना काय ठाव?" ती म्हणाली होती. "त्यांचा दोस नाय. मला ठाव होतं, आन् मी हलले."

म्हणजे सबंध महाराष्ट्र जे वाक्य सहज बोलत होता, ते शिरगावच्या एका घरात एक बाई स्वतःच्या नावावर लिहून जगत होती. आणि हरेश्वरभाऊंनी तेव्हापासून आयुष्यभर वजने समतोल केली. आता आत्याला नव्वदावे लागणार होते. त्यांना तिच्या डोळ्यांदेखत एवढेच सिद्ध करायचे होते, की ती उठली नसती तरी बोट गेली असती.

डब्याच्या पत्र्याच्या बोटीवरून खऱ्या बोटीचा निकाल लागत नाही, हे मला समजते, आणि मी त्यांना तसे सांगितलेही. ते म्हणाले, "मला कोर्टात नाय जायचं, बाई. मला शिरगावपर्यंत जायचं हाय."

शेवटी आत्याच बोईसरला आली. फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळचे दहा. रिक्षात हरेश्वरभाऊंनी तिला बरोबर मधोमध बसवून आणले. गच्चीवर मी खुर्ची मांडली होती. आत्याने पिंपात डोकावून पाहिले.

"ही काय रे?"

"बोट, आत्या."

"मला तेलाचा डबा दिसतो."

"डबाच हाय. स्वभाव बोटीचा हाय."

"आन् हे वाल?"

"मानसं."

आत्याने सुमनताईंकडे पाहिले. "तीन वर्सं हेच चाललंय, आत्या," सुमनताई म्हणाल्या. "बिरडं करायची बी चोरी झालीय."

हरेश्वरभाऊंनी फाइल माझ्या हातात दिली, हात पुसले आणि मग्याने बोटीवर एका बाजूने पाणी ओतले. बोट कलली. पाणी डेकवर राहिले. बोटीने क्षणभर विचार केला आणि ती पालथी झाली. सातशे वाल तळाशी गेले.

"बगितलंस? कोन हललं, आत्या?"

"कोन नाय."

"मग बोट कशी गेली?"

"तू पानी वतलंस म्हनून गेली, गाढवा," आत्या म्हणाली. "लाट मग्यातून येते काय रे कदी? तांडेलाचा नातू ना तू?"

तीन वर्षांचे संशोधन एका वाक्यात निकालात निघाले. हरेश्वरभाऊ हातातल्या मग्याकडे बघत उभे राहिले. मी फाइल चाळू लागले.

आत्याने खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला. "भर परत." हरेश्वरभाऊंनी आणि मी वाल काढून रचले, त्यात पंधरा मिनिटे गेली. मग तिने उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. "वरनं नाय आली. खालनं आली. पयलीनं उचलली." हात पाण्याखालून सरकला आणि बोट एका अंगावर उचलली गेली. "ती परत बसायच्या आदीच दुसरी." बोट तिथून मागे आलीच नाही. एकही वाल जागचा हलला नव्हता. सगळे रांगेत बसल्या बसल्या पाण्यात गेले.

"भर परत," आत्या म्हणाली.

तिने तीनदा बोट बुडवली. तिसऱ्यांदा हरेश्वरभाऊंनी लाल ठिपक्याचा वाल बोटीत ठेवलाच नाही. बोट तशीच गेली. इतक्या वर्षांत ती बोट कशी बुडाली यावर इतके लोक बोलले, पण लाट कुठून आली हे या बाईला कुणी विचारले नव्हते, असे माझ्या मनात आले. आम्हीही नाही. आम्ही तिला उत्तर दाखवायला बोलावले होते.

आत्याने हात पुसला. "तो लाल कंचा?"

"तू, आत्या."

"आन् मावशी कंची?"

हरेश्वरभाऊंनी चाळणी हलवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "हाय की ह्यातच."

"ह्यातली कंची?"

तीन वर्षांत त्यांनी त्या एका मुलीला बोटीच्या प्रत्येक कोपऱ्यात ठेवून पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी एकटीला. आत्याने चाळणीतला एक वाल उचलला आणि लाल वालाशेजारी ठेवला. "मी एकटी नव्हते रे. तिनं माजा हात धरला व्हता. मी हिसडा मारून सोडवला. ती वरडली, हलू नको तितनं! बोटीसाटी वरडली ती. आन् मी ऐकलं नाय."

हे तिने हरेश्वरभाऊंनाही कधी सांगितले नव्हते. उत्तर दिले ते सुमनताईंनी.

"बोटीसाटी नाय वरडली, आत्या."

"तू व्हतीस काय तितं?" आत्या फटकन म्हणाली.

"तितं नव्हते. पन बोईसरच्या बाजारात व्हते. आमच्या पोरीचा हात सुटला गर्दीत, पयलीत व्हती. मी काय वरडले? बाई व्हत्या तवा, विचारा त्यांना. 'हलू नको तितनं!' असंच वरडले. बाजार काय बुडत व्हता?"

मी होते. सुमनताई तशाच ओरडल्या होत्या, सगळा बाजार थांबला होता. मी तसे सांगितले.

आत्याने माझ्याकडे पाहिले, सुमनताईंकडे पाहिले. मग तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. मी घाबरले, पाण्याचा ग्लास शोधू लागले. पण ती हसत होती. "बाजार काय बुडत व्हता," ती पुन्हा म्हणाली आणि तोंडावर तळहात आडवा धरून, हाताआड हसत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होते. ते हसण्याचे होते की कसले, हे ठरवायचा प्रयत्न आम्ही कुणी केला नाही. हरेश्वरभाऊ वाल मोजायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून बसले. आकडा काही लवकर लागला नाही.

"गोदामावशी अशी हसायची," आत्या हात तसाच धरून म्हणाली. "दात पुढं व्हते तिचे. लाजायची."

इतक्या वर्षांत तिने मावशीचे नाव घेतलेले हरेश्वरभाऊंनी पहिल्यांदाच ऐकले. त्या दिवशी दुपारी जेवताना आणि जेवण झाल्यावर ती फक्त गोदामावशीबद्दल बोलली. गोदामावशी कोळंबी कशी सोलायची, नवऱ्याची नक्कल कशी करायची, पायातली जोडवी मोठी झाली म्हणून त्यांत दोरा कसा गुंडाळायची. हरेश्वरभाऊ वहीत लिहून घेत होते. संध्याकाळी आत्याला शिरगावला सोडून आले आणि सुमनताईंना म्हणाले, आपण तिकडेच राहायला जाऊ. सुमनताई म्हणाल्या, वाल इथेच सोडणार असाल तर येते.

तर ईशान, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. तुझ्या शास्त्रज्ञांना टायटॅनिकचे जिने, भांडी, बूटसुद्धा सापडले. इथे तसले काही नाही. गोदामावशीचा फोटो नाही, तिची एकही वस्तू नाही. ती हसताना तोंडावर हात आडवा धरायची, हे आहे. शिरगावला गेले की आत्या करून दाखवते.